शिकाऊ मोजले, उस्ताद कोण मोजणार?

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा गेल्या महिन्यात एक वही घेऊन घरी आला. आयटीआयमधून मशिनिस्टचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेला, आणि आता चाकणकडच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून अकरावा महिना. ट्रेड टेस्ट तोंडावर आलीय. "काका, जरा बघता का, काय काय विचारतील?" म्हणत त्याने वही पुढे केली. शिकाऊ उमेदवाराने रोज काय काम केलं याची नोंद ठेवायची असते, ती ही वही. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘सीएनसी मशीनवर जॉब लोडिंग-अनलोडिंग केले.’ म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनमध्ये घडवायचा भाग लावला, काढला. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर ‘वरीलप्रमाणे’. पुढे पुढे तर नुसत्याच रेघा. प्रत्येक पानाखाली सुपरवायझरची सही. अकरा महिन्यांच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच बैठकीतल्या. शेवटच्या पानांवर सही करणाऱ्याचा हात दमलेलाही दिसत होता.

मी त्याला विचारलं, टूल झिजलं की काय करतोस?

"सेटरला हाक मारतो." सेटर म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा.

ऑफसेट, म्हणजे टूल झिजलं की मशीनला द्यायची आकड्यांची दुरुस्ती, कोण देतं?

"सेटरच. आम्ही पॅनेलला हात लावायचा नाही."

माप कसं घेतोस?

"गेज दिलंय. एक बाजू गेली पाहिजे, दुसरी गेली नाही पाहिजे."

आणि मायक्रोमीटर? तो आयटीआयमध्ये एकदा हातात घेतला होता म्हणे. चौघांत एक होता.

पोरगं चलाख आहे. दार उघडायचं, तयार जॉब काढायचा, कच्चा लावायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. किती सेकंदांत हे होतं ते त्याला तोंडपाठ आहे, कारण तेवढंच त्याला कोणीतरी नीट शिकवलंय. हे पहिल्या आठवड्यातच येत असणार. मग उरलेले साडेदहा महिने तो तिथे काय शिकत होता?

माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रश्नाचं उत्तर कारखान्याकडून कोणी मागत नाही. किती शिकाऊ घेतले हे विचारलं जातं, सरकारी पोर्टलवर भरलं जातं, मंत्र्यांच्या भाषणात येतं. त्यांना शिकवलं कोणी, हा रकाना कुठेच नाही.

कायदा काही वाईट नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा मी नोकरीत असताना मुळातून वाचला होता, कारण टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात, येणाऱ्या पोरांच्या कागदांवर सही माझी असे. (माझ्याही काही सह्या एकाच बैठकीतल्या आहेत. ते पुढे सांगतो.) तो वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याला शॉप फ्लोअर ठाऊक होता. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हायचा आणि तो सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवायचा. मालक स्वतः त्या कामातला जाणकार नसेल तर पात्रता असलेला माणूस प्रशिक्षणासाठी नेमायचा. प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला शिकाऊला जुंपायचं नाही. मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावायचा नाही. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम: त्याला नगावर पैसे द्यायचे नाहीत, उत्पादनाच्या बोनस योजनेत ओढायचं नाही. नगावर पैसे मिळायला लागले की पोरगं शिकायचं थांबतं आणि मोजायला लागतं, हे मसुदा लिहिणाऱ्याला कळलेलं होतं.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, तो कामगार नाही, त्यामुळे कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांचा अपवाद केलाय, तो बरं झालं केला. पण किमान वेतन नाही, युनियन नाही, आणि शिकून झाल्यावर नोकरी द्यायचं बंधनही मालकावर नाही. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्या उमेदवाराचं किमान विद्यावेतन ठरलं महिना ७,००० रुपये. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. वाढ धरली तरी त्याच मशीनवर कंत्राटी हेल्पर लावला तर त्याला यापेक्षा बरेच जास्त द्यावे लागतात.

या कमी पैशांना माझा आक्षेप नाही, हे ऐकून माझे युनियनवाले मित्र चिडतात. शिकणारा माणूस सुरुवातीला सामान खराब करतो, मशीन अडवतो, शिकवणाऱ्याचा वेळ खातो. त्याने पूर्ण पगार मागू नये हे मला मान्य आहे. पण मग हिशोब सरळ मांडूया. पूर्ण पगार आणि विद्यावेतन यांतला फरक ही त्या पोराने भरलेली फी आहे. दर महिन्याला, न चुकता, आधीच कापून घेतलेली. कॉलेजात फी भरून वर्गावर कोणी आलं नाही तर पालक प्राचार्यांच्या केबिनसमोर ठाण मांडून बसतात. इथे अकरा महिन्यांची फी भरलेला पोरगा ‘वरीलप्रमाणे’ लिहून गप्प राहतो, कारण फी भरतोय हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. उलट कंपनीने आपल्याला घेतलं याचे उपकार तो मानतो.

मी स्वतः १९८१ साली दहावी होऊन थेट शिकाऊ म्हणून लागलो, तीन वर्षांसाठी. विद्यावेतन इतकंच की मेसचं बिल भागून सायकलच्या पंक्चरला उरावं. तेव्हाच्या कायद्यात ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला नवख्या पोरांचं मूलभूत प्रशिक्षण स्वतःच द्यावं लागे, आणि तेही शॉपच्या वेगळ्या भागात किंवा वेगळ्या इमारतीत. म्हणजे उत्पादनाच्या घाईपासून लांब. पिंपरीत टेल्कोने, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सने, १९६० च्या दशकात कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकरांच्या काळात आधी प्रशिक्षण विभाग उभा केला आणि कारखाना मागून आकाराला आला. ‘टेल्कोचा अप्रेंटिस’ म्हटलं की पुढे भोसरीतला कुठलाही वर्कशॉपवाला डोळे झाकून कामाला ठेवायचा. आमची कंपनी त्यापुढे फारच लहान होती, पण पद्धत तीच.

पहिले तीन महिने आम्हाला मशीन दाखवलीसुद्धा नाही. प्रत्येकाला लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा दिला आणि एक कानस. ठोकळ्याच्या सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात आल्या पाहिजेत, एवढंच काम. व्हाइसमध्ये ठोकळा धरायचा, कानस दोन्ही हातांनी सरळ पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची. ऐकायला सोपं. करताना हात नकळत झोके घेतो आणि ठोकळ्याची पाठ कासवासारखी गोल होते. आमचे उस्ताद काही बोलत नसत. ठोकळा घ्यायचे, त्यावर गुण्या ठेवायचे आणि खिडकीकडे धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेड दिसला की ठोकळा परत. कधी कधी ठोकळा परत देण्याआधी माझ्या उजव्या कोपरावर दोन बोटं ठेवून तो थोडा खाली दाबायचे. बास. तिसऱ्या महिन्यात केव्हातरी खिडकीतून उजेड दिसेनासा झाला. त्या दिवशी ते म्हणाले, "आता उद्या ड्रिल."

त्या कानशीने मला काय दिलं हे मला वीस वर्षांनी कळलं, सीएनसी मशीन टूलरूममध्ये आली तेव्हा. मशीन नवी, भाषा नवी, पडद्यावर आकडे. पण जॉब क्लॅम्पमध्ये वाकतोय, टूल रेटतंय, कट जड होतोय, हे आवाजावरून आणि हाताला येणाऱ्या थरथरीवरून ओळखायला मला पडदा लागत नव्हता. आजच्या पोरांना कानस घासायला लावा असं मी म्हणत नाही. ते म्हाताऱ्याचं रडगाणं होईल. त्यांना प्रोग्राम वाचायला लावा, ऑफसेट चुकवू द्या, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) फुटू द्या, स्क्रॅप झालेल्या जॉबचं कारण त्यांच्याकडून शोधून घ्या. साधन बदललं तरी कोपरावर दोन बोटं ठेवणारा कोणीतरी जवळ उभा असावा लागतो.

उस्तादांचा तो काळ सोन्याचा होता असं म्हणायचं नाहीये. बरेच उस्ताद खवट असत. टूलला धार लावताना पाठ करून उभे राहणारे मी पाहिलेत, अँगल पोराला दिसू नये म्हणून. त्याच्याही आधी गावात तर हुन्नर घराण्यातच कुलूपबंद होता. लोहाराचा मुलगा लोहार, सुताराचा सुतार, आणि दुसऱ्या कोणी शिकायचं म्हटलं तर ऐरणीजवळ उभं कोण करणार? नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीचं मोठेपण मला इथे दिसतं. बापाचा धंदा कुठला हे न विचारता, सरकारी शिक्क्याच्या करारावर, बीडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा टर्नर होऊ शकला. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद या कायद्यात आहे. खवट उस्तादालाही शिकवावं लागे, कारण वर्षअखेरीस परीक्षा असे, पोरगं नापास झालं तर फोरमन त्यालाच बोलवायचा.

आता मूळ मुद्दा. आजचा सेटर पोराला पॅनेलला हात का लावू देत नाही?

मी काही सेटरांशी बोललो. चाकण-तळेगावात ओळखीचे बरेच आहेत, त्यांतले काही माझ्याच हाताखाली तयार झालेले. एकाने चहा पिता पिता सांगितलं ते इथे देतो. तो म्हणाला, "साहेब, मी पण कंत्राटीच आहे. लाइनवरचे आठ मशीन माझ्याकडे. टार्गेट माझ्या नावावर. ह्या पोराला शिकवत बसलो तर एक मशीन तासभर बंद, त्याचं उत्तर मला द्यायचं. आणि शिकवलाच, तर पुढच्या वर्षी हाच सात-आठ हजारांत सेटिंग करेल. मग माझं काय काम?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

आमच्या उस्तादांची नोकरी पक्की होती. आम्हाला सगळं शिकवलं तरी त्यांच्या पगाराला धक्का लागणार नव्हता. खवटपणा होता तो स्वभावाचा किंवा मानाचा. आजच्या सेटरचं गप्प राहणं पोटाचं आहे. ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांची, त्याच्याकडून ‘ज्ञानदान’ मागणं हा चेष्टेचाच प्रकार म्हणायचा. शिकाऊ उमेदवारीवर जेवढ्या चर्चा मी ऐकल्या, त्यांत अभ्यासक्रम असतो, पोर्टल असतं, ‘इंडस्ट्री ४.०’ असतं. शिकवणाऱ्याची असुरक्षितता हा विषय कोणीच काढत नाही. माझ्या मते सगळं पाणी तिथेच मुरतंय.

सरकारने काय केलं? संख्या वाढवायचं ठरवलं. २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यातली तुरुंगाची शिक्षा काढली आणि दंड ठेवला. कंपन्यांना एकूण मनुष्यबळाच्या, कंत्राटी धरून, २.५ ते १० टक्के शिकाऊ घ्यायला सांगितलं. २०१९ मध्ये वरची मर्यादा १५ टक्के झाली आणि ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना ते सक्तीचं झालं. ऑगस्ट २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. यातलं बरंचसं मला पटतं. तुरुंगाच्या धाकाने मालक शिकाऊच घेत नव्हते हे खरं. पण नीट पाहा, १,५०० रुपये कशाचे मिळतात? पोरगं हजर आहे याचे. तो काय शिकला याच्याशी त्या पैशांचा संबंध नाही. डोकी मोजून पैसे दिले की डोकीच वाढतात. आणि प्रशिक्षणाबाहेरच्या कामाला शिकाऊ लावल्याचा दंड किती? प्रत्येक वेळी १,००० रुपये. तोही कोणी येऊन पाहिलं तर. कारखान्याच्या खरेदी विभागाला विचारा, एवढ्यात एक बरं इन्सर्टचं पाकीटही येत नाही.

चाकणला मधल्या काळात ‘नीम ट्रेनी’ नावाची जमात होती, ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. शिकाऊ कायद्याच्या बाहेरची तांत्रिक शिक्षण परिषदेची योजना, नावात ‘रोजगारक्षमता’. कागदावर प्रशिक्षण, लाइनवर पूर्ण शिफ्ट. ती पुढे गुंडाळली गेली. पण ट्रेनी या शब्दाला शॉप फ्लोअरवर ‘स्वस्त माणूस’ असा अर्थ चिकटला तो चिकटलाच. आपल्या राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,००० रुपये, सहा महिने. नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढवली. पैसे सरकारचे. बरीच पोरं-पोरी सरकारी कार्यालयांत बसली. मुदत संपत आल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून रस्त्यावर आली. त्यांना मी दोष देणार नाही. बाहेरच्या बाजारात खपेल असं काही हाताला लागलं नसेल, तर माणूस आहे ती खुर्ची घट्ट धरणारच.

याचं सगळ्यात बोचरं रूप मुंबईने पाहिलंय. २० मार्च २०१८, मंगळवार, सकाळी ऐन गर्दीची वेळ. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेली शेकडो पोरं माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर उतरली आणि मध्य रेल्वे साडेतीन तास ठप्प. लोकांनी शिव्या दिल्या, लाठीमार झाला, दगडफेक झाली. मागणी काय होती? रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत शिकाऊंसाठी २० टक्के जागा ठेवल्या होत्या, ती मर्यादा काढा आणि सगळ्यांना सामावून घ्या. लेव्हल एक म्हणजे जुनी गट ड. ट्रॅकमन, हेल्पर वगैरे. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर-वेल्डरचं काम शिकलेला पोरगा, ज्याला खरं तर दहा कारखान्यांनी हाक मारायला हवी, तो रुळांवर बसून हेल्परची जागा मागत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहनाच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की बाकी सगळं समान असेल तर शिकाऊ उमेदवारी केलेल्याला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. पण प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे, आणि प्रश्न हक्काचाही नाही. त्या पोरांच्या हातातल्या प्रमाणपत्राला रेल्वेच्या फाटकाबाहेर किंमत असती, तर माझी खात्री आहे, त्यांतली निम्मी तरी त्या दिवशी कुठल्यातरी शिफ्टला असती.

किंमत का नाही? कारण भोसरीतला वर्कशॉपवाला आता प्रमाणपत्र बघतच नाही. तो म्हणतो, "मशीनवर उभा राहून दाखव." त्याने शंभर प्रमाणपत्रवाले पाहिलेत आणि त्यांतले नव्वद हिरवं बटण दाबणारे निघालेत. (शंभर-नव्वद हा त्याचा आकडा, माझा नाही.) खोट्या सह्यांनी फक्त त्या एका पोराचं नुकसान होत नाही, जो खरंच शिकला त्याच्याही कागदाची रद्दी होते. माझ्या एकाच बैठकीतल्या सह्यांबद्दल म्हणालो होतो ना, ते हेच. माझी पोरं शिकत होती, म्हणून वहीकडे मी लक्ष दिलं नाही. मनात म्हटलं, कागद काय, काम महत्त्वाचं. आज कळतंय की परक्या माणसाला माझ्या पोरांचं काम दिसत नव्हतं, त्याला कागदच दिसत होता.

छोट्या मालकाची बाजू मी ऐकली नाही असं नाही. भोसरीत दहा-बारा मशीनवाला मित्र आहे. तो म्हणतो, मी पोरगं तयार करायचं आणि पलीकडच्या मोठ्या कंपनीने दोन हजार जास्त देऊन न्यायचं, हा धंदा मी किती वेळा करू? बरोबर आहे त्याचं. आंबा लावायचा एकाने आणि दगड मारायचा दुसऱ्याने. पण याचा इलाज शिकवणं बंद करणं हा कसा असेल? मोठी कंपनी शिकवत नाही आणि पळवते, छोटी शिकवते आणि रिकामी होते, मग छोटीही शिकवायचं सोडते, शेवटी पळवायलाच कोणी उरत नाही. सध्या आपण या शेवटच्या टप्प्यावर आहोत. प्रत्येक मालक ‘स्किल्ड माणूस मिळत नाही’ म्हणून रडतो आणि प्रत्येकाच्या लाइनवर पंधरा शिकाऊ जॉब लोड करत उभे असतात.

कायद्यात यावर एक वाट आहे, जी फारशी कोणी वापरत नाही. अनेक मालकांनी एकत्र येऊन शिकाऊंना आळीपाळीने आपापल्या कारखान्यांत फिरवून प्रशिक्षण देता येतं. भोसरीसारख्या ठिकाणी याहून सोयीचं काय? एका गल्लीत टर्निंग, दुसरीत ग्राइंडिंग, पलीकडे हीट ट्रीटमेंट, कोपऱ्यावर गेज तपासणारा. एकटा मालक सगळं शिकवू शकत नाही, पण गल्ली शिकवू शकते. दहा मालकांनी मिळून एक निवृत्त, हात शाबूत असलेला उस्ताद पगारावर ठेवावा. आमच्या पिढीचे असे कितीतरी जण पिंपरी-चिंचवडला रोज सकाळी बागेत चकरा मारतायत आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगला उत्तरं देतायत. सरकारने १,५०० रुपये पोराच्या हजेरीला दिले, चांगलं केलं. आता तेवढेच या उस्तादाला, त्याने तयार केलेल्या आणि बाहेरच्या परीक्षकाने पास केलेल्या प्रत्येक पोरामागे द्यावेत. आणि लाइनवरच्या सेटरने पोराला शिकवलं तर तेवढे तास त्याच्या टार्गेटमधून वजा व्हावेत, भत्ता मिळावा आणि शिकवणाऱ्या सेटरला कंत्राटावर ठेवता येऊ नये. शेवटची मागणी ऐकली की मालक मित्र फोन ठेवतो. ठेवू दे.

जर्मनीचं उदाहरण सगळेच देतात म्हणून मी टाळणार होतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, आपली कुशल पोरं तिकडे पाठवायची, त्यासाठी त्यांना जर्मन शिकवायचं. भाषेचे वर्ग निघाले. त्या देशाकडून पोरं पाठवण्याआधी घेण्यासारखी एक गोष्ट होती. तिथे कारखान्यात शिकाऊ घ्यायचा तर शिकवणाऱ्यालाही पात्रता सिद्ध करावी लागते, त्याची वेगळी परीक्षा आहे. पोराची शेवटची परीक्षा त्याचा मालक घेत नाही. उद्योग मंडळाची समिती घेते आणि तिच्यात मालक, कामगार आणि शाळेचे शिक्षक असे तिघांचे लोक बसतात. अमेरिकेत १९३७ च्या कायद्यापासून नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारी आहे. तिथे शिकाऊला पहिल्या दिवसापासून पगार मिळतो आणि कौशल्य वाढेल तसा तो ठरल्या पायऱ्यांनी वाढवावा लागतो. आपल्याकडेही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विद्यावेतन वाढतं, पण ते कॅलेंडरचं पान उलटल्यामुळे. हाताला काय आलं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. अमेरिकेचं सगळं गोड आहे असं नाही, तिथे ही वाट धरणारी मुलं अजून थोडीच आहेत. पण पायऱ्यांच्या पगाराची कल्पना उचलायला पैसे पडत नाहीत.

आणि एक, प्रत्येक कारखान्याचा निकाल लावा नोटीस बोर्डावर. किती शिकाऊ घेतले, त्यांना शिकवायला कोण होतं, किती पास झाले, वर्षानंतर किती जण त्याच ट्रेडमध्ये काम करतायत. आयटीआयच्या पोराने कंपनी निवडताना हे बघावं. आज तो फक्त बस कुठून सुटते आणि कँटीन आहे का एवढंच विचारतो, कारण विचारण्यासारखं दुसरं काही त्याच्यासमोर ठेवलेलंच नाही.

वॉचमनच्या मुलाला मी दर रविवारी सकाळी यायला सांगितलं. माझ्याकडे जुना मायक्रोमीटर आहे, ड्रॉइंगच्या काही प्रती आहेत, मित्राच्या वर्कशॉपात सुट्टीच्या दिवशी एक मशीन मिळते. पहिल्या रविवारी त्याने वेगवेगळ्या जाडीचे तुकडे मोजले. शून्य तपासायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, सांगितल्यावर हसला. दुसऱ्या रविवारी त्याने पहिल्यांदा स्वतः ऑफसेट दिला, चुकीच्या बाजूला, आणि टूल जॉबमध्ये घुसलं. इन्सर्ट गेला. पोराचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटलं, मी ओरडणार. मी म्हटलं, आता सांग, कुठे चुकलं. त्याने दहा मिनिटं पडद्याकडे बघून बरोबर सांगितलं.

काल तिसरा रविवार होता. मी साडेआठलाच वर्कशॉपचं शटर उघडून बसलो होतो. सव्वानऊला त्याचा फोन आला, मागे मशीनचा आवाज. "काका, आज नाही जमणार. डिस्पॅच आहे, रात्रीचीच शिफ्ट पुढे लावलीय. नाही म्हटलं तर वहीवर सही करणार नाही म्हणतात."